वापरसुलभता : दोष वापरणाऱ्याचा की रचनेचा?

मोबाइलच्या पडद्यावर अर्ज भरताना अडखळलेला माणूस बहुधा स्वतःलाच दोष देतो आणि घरातल्या तरुणाला हाक मारतो. वापरसुलभतेचा अभ्यास मात्र याच्या उलट सांगतो. अनेकजण एकाच जागी चुकत असतील, तर दोष त्या जागेच्या रचनेत असतो. अमेरिकी संशोधक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दारे, नळ, दिव्यांची बटणे अशा नित्याच्या वस्तूंच्या आधारे हाच विचार मांडला होता.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १९९८च्या मानकात वापरसुलभतेचे तीन निकष आहेत. काम अचूक पूर्ण झाले का, त्यासाठी किती वेळ व श्रम लागले आणि वापरणाऱ्याचे समाधान झाले का. संकेतस्थळ किती देखणे आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

जेकब नील्सन यांनी १९९४ साली निश्चित केलेली दहा तत्त्वे आजही मार्गदर्शक मानली जातात. काय चालले आहे, हे वापरणाऱ्याला सतत कळले पाहिजे. पैसे भरल्यावर नुसते चक्र फिरत राहिले, तर माणूस धास्तावून पुन्हा बटण दाबतो. नील्सन यांच्या मते, प्रतिसादाला एक सेकंदाहून अधिक वेळ लागला की विचारांची साखळी तुटू लागते आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. चुकीची सूचनाही नेमकी हवी. ‘अवैध नोंद’ या शब्दांतून काहीच उमगत नाही. ‘मोबाइल क्रमांकात दहा अंक हवेत’ असे म्हटले की चूक लगेच सुधारता येते. एका रकान्यातील चुकीपायी भरलेला सारा अर्ज पुसला जाणे, हा तर अक्षम्य दोष होय.

मराठी संकेतस्थळांना आणखी एक भान ठेवावे लागते. देवनागरीत मात्रा व वेलांट्या शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. त्यामुळे रोमन लिपीसाठी आखलेले ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. अक्षरे फिकी असल्यास वृद्धांचे हाल होतात. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते.

दाखले, शिष्यवृत्त्या, निवृत्तिवेतन यांचे अर्ज आता पडद्यावरूनच भरावे लागतात. तिथली अवघड रचना म्हणजे केवळ गैरसोय नव्हे; हक्काचा लाभ त्यामुळे हुकू शकतो. यावर उपायही फारसा खर्चिक नाही. संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते चार-पाच सामान्य नागरिकांच्या हाती द्यावे, एखादे काम सांगावे आणि कोणतीही मदत न करता ते कुठे थांबतात, हे पाहावे. जिथे ते थांबतील, तिथूनच दुरुस्तीला सुरुवात करावी.