सिकलसेल आणि अर्भकाचें रक्त

रोगावरचा उतारा रोग्याच्याच शरीरांत जन्मतः असावा आणि वैद्यास तो केवळ पुन्हा जागा करावयाचा असावा, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासांत विरळाच. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची कथा अशांपैकीं आहे. आणि तिचा एक अध्याय नागपुरांत लिहिला गेला, ही गोष्ट विदर्भाबाहेर फारशी कोणाच्या कानीं गेलेली दिसत नाहीं.

या विकारांत तांबड्या पेशी वाटोळ्या न राहतां विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडें फुटत असावींत अशा कळा येऊं लागतात. शिकागोच्या हेरिक यांनीं १९१० मध्यें या पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. भारतांत १९५२ मध्यें लेहमन व कटबुश यांस त्या निलगिरीच्या आदिवासींत आढळल्या, आणि १९५८ मध्यें शुक्ल व सोलंकी यांनीं मध्य भारतांतील आपली पाहणी ‘लॅन्सेट’मध्यें छापली.

उताऱ्याची खूण मात्र त्याआधींच सांपडली होती. हा दोष घेऊन जन्मलेलीं मुलें पहिले कांहीं महिने जवळजवळ निरोगी असतात, हें १९४८ मध्यें अमेरिकेंतील डॉ. जॅनेट वॉटसन यांनीं दाखवून दिलें. गर्भाचें हिमोग्लोबिन निराळें असतें. तें पुरेसें आहे तोंवर पेशी सहसा वांकत नाहींत. जन्मानंतर त्याचें जनुक हळूहळू मुकें होतें व दोषी जनुकाचा अंमल सुरू होतो. तें मुकें जनुक पुन्हा बोलतें करतां येईल काय?

१९८२ मध्यें डीसायमोन व हेलर यांनीं बबून माकडांस अझासायटिडीन दिलें. जनुकावर बसलेल्या मेथिल नांवाच्या रासायनिक खुणा त्यास मुकें ठेवितात व हें औषध त्या खुणा पुसतें, अशी त्यांची उपपत्ति. गर्भहिमोग्लोबिन वाढलें खरें. पण हें खुणा पुसल्याचें फळ, कीं अस्थिमज्जेंतील वाढत्या पेशी मेल्याचें, असें शंकेखोरांनीं विचारलें. ताडून पाहण्यासाठीं, खुणांस न शिवतां पेशींची वाढ तेवढी रोखणारें औषध हवें होतें. रसायनज्ञांनीं १८६९ मध्येंच बनविलेला आणि पुढें रक्ताच्या कर्करोगावर वापरांत आलेला हायड्रॉक्सीयुरिया हाताशीं होताच. त्यानेंहि गर्भहिमोग्लोबिन वाढलें! वाद बाजूस राहिला आणि वादांतला साक्षीदारच औषध ठरला. १९८४ मध्यें तें सिकलसेलच्या रुग्णांत दिसून आलें. १९९५ मध्यें २९९ प्रौढ रुग्णांवरील अमेरिकन प्रयोगांत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. १९९८ मध्यें तेथें सरकारी मान्यता मिळाली. गर्भजनुकास मुकें ठेवणारा बीसीएल-११-ए हा पहारेकरी २००८ मध्यें ओळखूं आला. म्हणजे औषध आधीं आणि कारण मागाहून, हा वैद्यकाचा जुना क्रम येथेंहि सुटला नाहीं.

आतां आपल्याकडील गोष्ट. भारतांतील बहुतेक रुग्णांत गर्भहिमोग्लोबिन मूळचेंच आफ्रिकन वंशाच्या रुग्णांपेक्षां अधिक असतें. त्यावरून येथील रोग सौम्य, असा समज रूढ झाला. तर्क दिसावयास सरळ. पण सरासरीच्या आड तडफडणारें पोर दिसत नाहीं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. दीप्ती जैन व त्यांचे सहकारी यांनीं तीव्र विकाराचीं ६० मुलें घेतलीं. कांहींस वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया दिलें, कांहींस नुसती निरुपद्रवी मात्रा. १८ महिन्यांनीं औषध घेणाऱ्यांचे झटके फार उतरले होते. २०१२ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मूळचें गर्भहिमोग्लोबिन अधिक असूनहि हीं मुलें आजारी होतीं, आणि अल्प, ठराविक मात्रेनें सुधारलीं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं सिद्ध झाल्या. आमच्या मतें पहिलीचें मोल अधिक. कारण ‘सौम्य’ या एका शब्दानें औषध किती जणांपासून दूर राहिलें असेल!

२०२३ मध्यें त्याच पहारेकऱ्यास रुग्णाच्या मज्जापेशींत कापून निकामी करणारा उपचार इंग्लंड-अमेरिकेंत मान्य झाला. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. हायड्रॉक्सीयुरिया त्यापुढें अगदीं स्वस्त. पण त्यानें पांढऱ्या पेशी घटूं शकतात, म्हणून रक्त वरचेवर तपासावें लागतें. आणि मेळघाटांतल्या किंवा गडचिरोलीच्या आडगांवांतल्या आईस त्या तपासणीसाठीं दिवसाची मजुरी बुडवून निघावें लागतें.