बुटक्यांची भाऊबंदकी

बुटका म्हणजे चार फूट उंची, पोटापर्यंत दाढी आणि हातात कुऱ्हाड, एवढेच मला ठाऊक होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ पुतण्या खेळतो. त्याने विचारले, "कुठले बुटके? डोंगरातले की टेकडीवरचे?" जणू स्थळच सांगून आले होते!

नुसता पोटजातींचा घोळ! १९९१च्या ‘डार्क सन’मधल्या बुटक्यांना तर दाढीच नाही. डोक्यावरही केस नाहीत.

पण १९८४ साली आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’मधली भाऊबंदकी ऐकून मी चहा विसरलो. जगावर उत्पात कोसळतो, दुष्काळ पडतो. टेकडीवर राहायला गेलेले भाऊबंद डोंगराच्या पोटातल्या थॉरबार्डिनच्या दाराशी येतात. राजा हिशेब करतो. धान्य आतल्यांनाच जेमतेम पुरणार. दार बंद! मग युद्ध. फ्लिंट नावाचा टेकडीवाला म्हातारा तीनशे वर्षांनंतरही ते विसरलेला नाही. (आमच्याकडे एका बांधावरून दोन पिढ्या सहज निघतात, पण तीनशे वर्षे म्हणजे फारच.)

"राजाचं चुकलंच," मी म्हणालो.

"काका, कोठारात पोती किती होती, ते विचारलंत का?"

नव्हते विचारले. रात्री खेळायला बसलो, तेव्हा मी टेकडीवाला झालो आणि पुतण्या राजा. दाराशी उभा राहून अर्धा तास भांडलो. गयावयाही केली.

दार काही उघडले नाही.