मेज कुणाचं? एका इटालियन डेस्कवरून पुराव्याचा धडा

आमच्या पिंपळीच्या घरात एक बैठं मेज आहे. वरची फळी उतरती, ती उचलली की खाली वह्या ठेवायचा कप्पा. उसाचे हिशेब आजोबांनी त्यावरच लिहिले. ते कुणी बनवलं असं विचारलं की घरात एकच उत्तर मिळतं, "आजोबांनी करून घेतलं." तुम्ही वस्तूंच्या इतिहासावर काम करणार असाल, तर या 'करून घेतलं'पाशी जरा थांबा.

आता मिलानला जाऊ. जिओ पोंती (1891–1979) हा मूळचा वास्तुविशारद. 1928 साली त्यानं 'दोमुस' हे मासिक सुरू केलं. पिरेल्ली टॉवरच्या रचनेतलं प्रमुख नाव त्याचंच. कासिना कंपनीसाठी त्यानं केलेली 'सुपरलेज्जेरा' खुर्ची 1957 ची, वजन जेमतेम 1.7 किलो. 1950 च्या दशकातली त्याची लाकडी लिहायची टेबलंही अशीच हलकी दिसतात: खाली निमुळते होत जाणारे पाय, बऱ्याचदा पायांना पितळी टोप्या.

समजा, असं एक टेबल तुमच्यासमोर आलं आणि विकणारा म्हणाला, "पोंतीचं आहे." तुम्ही काय कराल?

पहिलं, वस्तू उलटी करून बघा. सांधे, स्क्रू, खणाची मागची बाजू. दर्शनी बाजूची नक्कल सोपी असते, मागची बाजू सहसा खरं बोलते. दुसरं, कागद शोधा: रेखाटनं, ऑर्डर, त्या काळातले फोटो. मिलानमध्ये पोंतीचं अर्काइव्ह आहे, तिथून वस्तूच्या खरेपणाबद्दल प्रमाणपत्र मिळतं. तिसरं, टेबल कुणाकडून कुणाकडे गेलं ती साखळी जोडा. मध्ये कडी तुटली असेल तर तसं लिहा, अंदाजानं भरू नका. चौथं, पुनर्निर्मिती वेगळी काढा. मोल्तेनी कंपनी 2012 पासून पोंतीचं फर्निचर नव्यानं बनवते. ते बनावट नाही, पण 1950 च्या दशकातलंही नाही.

इथवर आलात की खरा प्रश्न उभा राहतो. पोंतीनं रेखाटन केलं, पण रंधा कुणी मारला? त्याच्या बऱ्याच वस्तू जोर्दानो किएझा या मिलानच्या कारागिरानं घडवल्या. हे नाव आपल्याला कळतं, कारण कागद उरले. म्हणजे 'कुणाचं?' या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: कल्पना कुणाची, हात कुणाचे, पैसे कुणाचे?

आता हेच तीन प्रश्न पिंपळीच्या मेजाला लावा. पैसे आजोबांचे म्हणावे, तर तेही नक्की सांगता येत नाही. बलुतेदारीत शेतीच्या अवजारांच्या कामासाठी सुताराला सहसा वस्तूगणिक पैसे नसत, सुगीला धान्याचा वाटा मिळे; इतर नव्या कामाचा मोबदला बहुधा वेगळा दिला जाई. पण अशा कामाचंही लेखी बिल सहसा नसायचं. बिल नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून आपण बिनदिक्कत 'अज्ञात कारागीर' लिहून मोकळे होतो. पण अज्ञात कुणाला? गावाला तो चांगलाच माहीत होता. आमच्या घरातलं 'करून घेतलं' हे वाक्यच त्याला गाळून टाकतं.

मी हा प्रश्न घरात विचारला तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या आजींना एवढंच आठवलं की लाकूड आमच्याच बांधावरच्या बाभळीचं होतं. सुताराचं नाव त्यांच्या ओठावर आलं आणि राहिलं. पुढच्या सुट्टीत परत विचारू म्हणून मी निघालो. त्या सुट्टीपर्यंत आजी राहिल्या नाहीत.

म्हणून प्रस्तावाचा आराखडा नंतर करा. या आठवड्यात घरातली एक जुनी वस्तू उलटी करून बघा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तराखाली त्या दिवसाची तारीख टाका.