नवऱ्याची चिठ्ठी आहे का?

सान्तियागोला पायी निघालेल्या जोडप्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. आम्ही दोघं बरोबरच चालणार, एकाच ठिकाणी मुक्काम करणार, मग दोघांत मिळून एक यात्रा-पासपोर्ट चालेल का? उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

मला तरी प्रश्न अगदी रास्त वाटतो. सत्यनारायणाला जोडीने बसणाऱ्या आपल्या लोकांना तर वाटणारच, की दोघांचं पुण्य एकाच खात्यात जमा होत असेल. पण तिथला हिशोब वेगळा आहे. तो तसा का आहे हे शोधायला बसलो आणि दोन वीकेंड कुठे गेले कळलं नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचं शहर आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोबाची कबर तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे अशी नवव्या शतकापासूनची श्रद्धा. तिथे पायी जाण्याच्या वाटांना 'कामिनो' म्हणतात, म्हणजे नुसताच 'रस्ता'. त्यातली सगळ्यात लोकप्रिय वाट फ्रान्सच्या सीमेपासून पिरेनीज पर्वत ओलांडून जवळजवळ ७८० किलोमीटर जाते. चालायला महिना-सव्वा महिना लागतो.

निघताना 'क्रेदेन्सियाल' घ्यायचं. ही घड्यांची एक जाड कागदी पुस्तिका, त्यात रिकामे चौकोन. धर्मशाळा, चर्च, वाटेवरचं कॉफीचं दुकान, जिथे थांबाल तिथे शिक्का मारून घ्यायचा. धर्मशाळेला 'अल्बेर्गे' म्हणतात, आणि यात्रेकरूंसाठीच्या सरकारी किंवा चर्चच्या अल्बेर्गेत ही पुस्तिका दाखवल्याशिवाय खाट मिळत नाही. शेवटी सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयात शिक्के तपासतात. किमान १०० किलोमीटर पायी (सायकलवर २००) झाले असतील आणि कारण धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल, तर 'कोम्पोस्तेला' नावाचं लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, तेही फुकट. शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये दिवसाला दोन शिक्के हवेत. म्हणजे चक्क ऑडिट ट्रेल!

यात जोडप्यांसाठी वेगळा नियमच नाही. नवऱ्याची पुस्तिका नवऱ्याची, बायकोची बायकोची. लहान मूल असेल तर त्याचीही वेगळी. अल्बेर्गेत बंक बेड, आणि बहुतेक ठिकाणी बायका-पुरुष एकाच हॉलमध्ये. रात्री दहाला दिवे बंद. गालिथिया प्रांताच्या सरकारी अल्बेर्गेंत बुकिंग नाही, येईल त्या क्रमाने खाट. त्यामुळे एक जण भरभर चालून पुढे गेला आणि दुसरा पायाला फोड आल्यामुळे मागे राहिला, तर मागच्याचं नशीब. तुम्ही एकमेकांचे कोण, हे कोणी विचारत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एक माणूस, एक रेकॉर्ड. 'जोडीदार' नावाचं फील्डच या टेबलात नाही.

गंमत अशी की काही शतकांपूर्वी हेच फील्ड सगळ्यात आधी भरावं लागायचं. किती चाललात, हा प्रश्न नंतरचा. घरी कोणाला ठेवून आलात आणि त्या माणसाने परवानगी दिली आहे का, हा पहिला.

याच्या मुळाशी आहे संत पॉलचं करिंथकरांना लिहिलेलं पत्र. लग्नानंतर नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा हक्क आणि बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा, आणि प्रार्थनेसाठी काही काळ दूर राहायचं असेल तर ते दोघांच्या संमतीने, असं पॉल म्हणतो. मध्ययुगीन चर्चच्या वकिलांनी याचा कायदा केला आणि त्याला नाव दिलं 'वैवाहिक देणं'. देणं म्हणजे अक्षरशः कर्ज. आता कर्जदार माणूस सावकाराला न विचारता सहा महिने गायब होऊ शकतो का? नाही. मग नवसही एकट्याने बोलता येणार नाही. निदान कागदावर तरी हे दोन्ही बाजूंना सारखं लागू होतं. बाराव्या शतकातल्या कायद्यात एवढी समानता मला अपेक्षित नव्हती.

पहिल्या क्रुसेडच्या वेळीही (तीही एक सशस्त्र यात्राच समजत) दुसऱ्या अर्बन पोपने १०९६ साली बोलोन्याच्या लोकांना लिहिलं की नवविवाहित तरुणांनी बायकोच्या संमतीशिवाय उठून निघू नये. व्हायचं तेच झालं. नवरे जोशात शपथ घ्यायचे आणि बायका नाही म्हणायच्या. मग १२०१ साली तिसऱ्या इनोसन्ट पोपने तोडगा काढला. पृथ्वीवरच्या राजाने लढाईला बोलावलं तर कोणी बायकोला विचारत बसतं का? मग स्वर्गातल्या राजाने बोलावल्यावर कशाला विचारायचं? झालं, क्रुसेडला जाणाऱ्या नवऱ्यांना संमतीची अट रद्द. नाव इनोसन्ट, काम मात्र तसं नव्हे. ही सूट फक्त क्रुसेडसाठी आणि फक्त पुरुषांसाठी. साध्या यात्रेला जुना नियम राहिला, आणि बायकांना तर नवऱ्याच्या परवानगीवाचून पर्यायच नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे दोघांनी मिळून जायचं. तशीही माणसं जायचीच. बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या सान्तियागोच्या पोथीत एक गोष्ट आहे. (ही पोथी २०११ साली कॅथीड्रलमधून चोरीला गेली आणि वर्षभराने तिथल्याच एका माजी इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये सापडली. असो.) फ्रान्समधल्या पॉइतूचा एक माणूस साथीला घाबरून बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन निघतो. पाम्प्लोना गावात बायको मरते. ज्या खाणावळीत उतरलेले असतात तिचा मालक भाड्यापोटी पैसे आणि जनावर दोन्ही ठेवून घेतो. मग वाटेत एक अनोळखी माणूस आपलं गाढव देतो, तो म्हणजे अर्थातच संत याकोब. चमत्कार बाजूला ठेवा. कुटुंब घेऊन चालणं म्हणजे काय जोखीम होती, ते त्या खाणावळवाल्यावरून नीट कळतं.

आता माझी आवडती व्यक्ती, मार्जरी केम्प. इंग्लंडमधल्या लिन या बंदराच्या गावची, जन्म साधारण १३७३, बाप गावाचा पाच वेळा मेयर झालेला. चौदा बाळंतपणं. दारू गाळण्याचा धंदा केला, बुडाला. घोड्यावर चालणारी गिरणी काढली, तीही बुडाली. (आजच्या भाषेत दोन फेल्ड स्टार्टअप्स.) मग तिला देवाचा ध्यास लागला. चर्चमध्ये मोठमोठ्याने रडायची, आणि जेरुसलेमला जायचं हे डोक्यात बसलं. तिने आपलं आयुष्य इतरांकडून लिहून घेतलं, आणि इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून बरेचदा त्याचंच नाव घेतात. हस्तलिखित एका घरात पडून होतं, ते १९३४ साली ओळखलं गेलं.

१४१३ च्या जून महिन्यातली गोष्ट. मार्जरी आणि तिचा नवरा जॉन यॉर्कहून पायी परत येत होते. कडक ऊन, तिच्या हातात बीअरची बाटली, त्याच्याकडे एक केक. आठ आठवडे दोघांत संबंध नव्हते. जॉनने विचारलं, की कोणी तलवार घेऊन आला आणि म्हणाला, बायकोजवळ जा नाहीतर मुंडकं उडवतो, तर तू काय करशील? तिने खरं ते सांगितलं, की तू मेलास तरी चालेल. मी इथे थांबून पुन्हा वाचलं. बिचारा जॉन.

मग त्याने अटी घातल्या. पूर्वीसारखं एका पलंगावर झोपायचं, जेरुसलेमला जाण्याआधी त्याची कर्जं फेडायची, आणि शुक्रवारी उपास न करता त्याच्याबरोबर जेवायचं. ती शेतात क्रुसापाशी जाऊन रडली, प्रार्थना केली, आणि काउंटर-ऑफर घेऊन आली. कर्ज फेडते, शुक्रवारी जेवते, पलंग मात्र नाही. जॉन तयार झाला. पुढे लिंकनच्या बिशपसमोर जाऊन त्याने हे कबूलही केलं. निघण्यापूर्वी तिने गावच्या चर्चमध्ये जाहीर करायला लावलं, की माझ्याकडून किंवा नवऱ्याकडून कोणाचं येणं असेल तर येऊन घेऊन जा. पॉलच्या 'देण्या'चा हिशोब आणि खरा पैशाचा हिशोब तिने एकाच वर्षात मिटवला.

जेरुसलेम करून आल्यावर १४१७ साली ती सान्तियागोला गेली. ब्रिस्टलला जहाजासाठी सहा आठवडे थांबावं लागलं, कारण पाचव्या हेन्रीने फ्रान्सच्या स्वारीसाठी जहाजं ताब्यात घेतली होती. नवरा बरोबर नाही, अंगात कुमारिकेचे पांढरे कपडे, आणि पोरं चौदा. परतीच्या वाटेवर लेस्टरला पकडली गेली. तिथल्या मेयरला खरी भीती वेगळीच होती. ही आमच्या बायकांना फूस लावून बरोबर घेऊन जाईल असं त्याने तिला तोंडावर सांगितलं. बिशपचं पत्र आल्यावरच सुटका झाली.

तिथून ती यॉर्कला गेली. चर्चमध्ये एका पाद्र्याने विचारलं, इथे काय काम? यात्रेला आले. नवरा आहे का? आहे. मग त्याचं पत्र आहे का? मार्जरीने उत्तर दिलं, की नवऱ्याने तोंडी परवानगी दिली आहे, आणि इथल्या बाकीच्या यात्रेकरूंकडेही पत्रं नाहीत, मग ती फक्त माझ्याकडेच का मागता?

हा प्रश्न मला फार आवडतो. नियम सगळ्यांना होता, पण चेकिंग ठरावीक लोकांचंच व्हायचं. नवरा शेजारी उभा असता तर पत्र कोणी मागितलं असतं असं मला वाटत नाही. जोडीने चालणाऱ्या बाईचा नवरा हाच तिचा पासपोर्ट, एकटीला मात्र कागद हवा. (पुढे म्हातारा जॉन जिन्यावरून पडला, आणि वेगळी राहत असलेली मार्जरी त्याला घरी आणून शेवटपर्यंत त्याचं सगळं करत राहिली. तेही तिने लिहून घेतलंय, न लाजता.)

चर्चच्या मागोमाग सरकारंही या धंद्यात आली, पण त्यांना पुण्याशी घेणंदेणं नव्हतं. प्लेगनंतर मजूर मिळेनासे झाले तेव्हा इंग्लंडने १३८८ साली कायदा केला, की नोकर-मजुरांनी राजाच्या शिक्क्याचं पत्र असल्याशिवाय यात्रेच्या नावाखाली आपला भाग सोडायचा नाही. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५९० साली स्वतःच्या प्रजेला यात्रेकरूचा वेश घालायलाच बंदी केली. त्या झग्याआड भुरटे लपतात म्हणे.

सगळ्यात मजेशीर कारण फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं. त्याने १६७१ आणि पुन्हा १६८६ साली परदेशी यात्रांवर बंधनं घातली. बिशपची मंजुरी हवी, आणि १६८६ नंतर वर राजाचीही. कागदाशिवाय सापडलेल्या पुरुषाला थेट जन्मभर गलबतांवर वल्ही मारायला पाठवायचे. कारण काय, तर यात्रेच्या नावाखाली लोक बायकामुलांना वाऱ्यावर सोडून जातात, आणि काही महाभाग तर परदेशात स्थायिक होऊन दुसरं लग्नही करतात! म्हणजे सान्तियागोला गेलेला माणूस स्पेनमध्ये नवा संसार थाटून बसायचा, आणि घरची बाई वर्षानुवर्षं वाट बघायची. ती विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. वल्ह्यांची शिक्षा क्रूर आहेच, पण एवढा एक मुद्दा मी लुईला देईन. परवानगीचा कागद मार्जरीसाठी बेडी होता, आणि त्या मागे राहिलेल्या बाईकडे तेवढा एकच उपाय होता.

हे सगळं कोणी मुद्दाम रद्द केलं असं नाही. यात्राच आटली. १९८५ साली सान्तियागोत पोचून प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या हजारसुद्धा नव्हती. ओ सेब्रेरो या डोंगरातल्या गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ साली फ्रान्सपासून वाटेवर पिवळे बाण रंगवत नेले, आणि हळूहळू माणसं परत आली. २०२४ साली प्रमाणपत्र घेणारे जवळजवळ ५ लाख होते, आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका. जोडीदाराचा रकाना नव्या पुस्तिकेत आलाच नाही.

प्रमाणपत्रावर मात्र दुसऱ्याचं नाव येण्याची एक जागा अजून आहे. वारलेल्या, किंवा इतक्या आजारी की येणं शक्यच नाही अशा माणसाच्या वतीने चालता येतं. कार्यालयात तसं सांगितलं की तुमच्या नावाबरोबर 'यांच्या वतीने' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द आणि त्या माणसाचं नाव लिहून देतात. त्यासाठी नातं सिद्ध करावं लागत नाही. घरी ठणठणीत बसलेल्या, रजा मिळाली नाही म्हणून न आलेल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावाने मात्र ते मिळत नाही.