तंजावरचा चित्रित पक्षिसंग्रह आणि कुरवंजी

शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीचा वारसा लाभलेल्या व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी दरबारच्या चित्रकारांकडून पशू, पक्षी व वनस्पती यांची चित्रे करवून घेतली. त्यांतील एक संग्रह कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याच्यामार्फत लंडनला गेला. तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. असा संग्रह सहसा चित्रकलेच्या इतिहासात जमा होतो, वाङ्मयाच्या नव्हे. ही विभागणी तपासून पाहिली पाहिजे.

सरफोजींच्याच नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगणारी डोंगरवासी स्त्री आणि तिचा पाखरे धरणारा पती ही त्यातील ठरलेली पात्रे. तमिळ परंपरेत हा पती शेतात उतरणाऱ्या पक्ष्यांची नावे घेत गातो. सरफोजींच्या नाटकात कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. म्हणजे नव्या विद्येची वर्णने करण्यासाठी तंजावरने रानातलाच आवाज निवडला.

निसर्गेतिहासाचे चित्र पक्षी डोळ्यांना ओळखू येईल असे मांडते. गीत त्याला नावाने हाक मारते. पक्षी चित्रकारापुढे यावयाचा तर आधी तो कुणीतरी धरावा लागतो. चित्रसंग्रहात त्या हाताची नोंद सहसा उरत नाही. कुरवंजीने मात्र त्याला पात्राचा मान दिला. म्हणूनच चित्रसंग्रह आणि नाटक ही एकाच दरबाराच्या ज्ञानव्यवहाराची दोन अंगे मानून एकत्र वाचणे अगत्याचे ठरते.