मारा ब्रांकोविच: जिने सम्राटाला नाही म्हटलं

शाळेत १४५३ हे साल पाठ केलेलं आठवतंय? तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, झाला एक मार्क. मी पण तेवढंच शिकलो आणि पुढे बीटेकच्या नादात विसरलो. मध्यंतरी त्या सालाच्या आगेमागे वाचत होतो, तेव्हा एक बाई भेटली आणि ती काही डोक्यातून जाईना. मारा ब्रांकोविच, सर्बियाची राजकन्या.

तिचे वडील ज्युराज सर्बियाचे राज्यकर्ते. राजधानी डॅन्यूबकाठी, स्मेदेरेवोच्या किल्ल्यात. एकीकडे हंगेरी, दुसरीकडे ऑटोमन सुलतान. अशा कात्रीत सापडलेलं राज्य काय करणार? मुलगी देणार. १४३६ मध्ये माराचं लग्न सुलतान दुसऱ्या मुरादशी लागलं. तिने आपला ख्रिस्ती धर्म मात्र सोडला नाही.

बरं, लग्न करून राज्य वाचलं का? नाही. तीनच वर्षांत मुरादने स्मेदेरेवो घेतलं. १४४१ मध्ये त्याच्या हुकमावरून तिच्या दोन भावांना, ग्रगुर आणि स्टेफानला, आंधळं केलं गेलं. आणि ती त्याच माणसाच्या घरात नांदत होती. जरा थांबून विचार करा.

१४५१ मध्ये मुराद वारला. माराला मूलबाळ नव्हतं. नवा सुलतान मेहमद, म्हणजे तिचा सावत्र मुलगा, त्याने तिला मानाने माहेरी पाठवलं. लगेच दुसरं स्थळ आलं. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन विधुर होता. स्फ्रांत्झेस नावाच्या त्याच्या दूताने माराचं नाव सुचवलं. आईवडील राजी होते. हिशेब सरळ होता: मेहमद हिला मानतो, ही आपल्याकडे आली तर आपला फायदा.

मारा नाही म्हणाली. सुलतानाच्या घरातून सुटले तर पुन्हा लग्न करणार नाही, असा तिने देवाला शब्द दिला होता. दोनच वर्षांत शहर पडलं आणि सम्राट लढताना मारला गेला.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला, हो म्हणाली असती तर शहर वाचलं असतं का? मग स्वतःचीच लाज वाटली. मीही तिला तहातलं कलमच समजत होतो की!

पुढचं ऐका. १४५७ मध्ये आई गेली आणि घरात सत्तेसाठी भांडणं पेटलेली. मारा आंधळ्या ग्रगुरला घेऊन थेट मेहमदकडे निघून गेली. त्याने तिला सेरेस शहराजवळ येझेवो इथे जमीन दिली. तिथे बसून तिने अॅथॉस पर्वतावरच्या मठांना मदत केली, ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख कोण व्हावा यात शब्द टाकला. व्हेनिस आणि ऑटोमनांचं युद्ध चालू असताना १४७१ च्या सुमारास तहाच्या बोलण्यांत तिने मध्यस्थी केली.

एकेकाळी तहासाठी जिला देऊन टाकलं होतं, तीच आता तह घडवायला बसली होती. तेही कुणाची बायको न होता. १४५९ मध्ये सर्बियाचं राज्य बुडालं, १४८१ मध्ये मेहमद गेला. मारा १४८७ पर्यंत जगली.

आता कुठे १४५३ वाचलंत, तर तो नकारही आठवा. भेटू पुढच्या भागात!