जखम पाहून दिलेलं बक्षीस

मंडळी, दर दिवाळीला एक मेसेज न चुकता फिरतो. त्यात असं सांगितलेलं असतं की पूर्वी पगार आठवड्याला व्हायचा, वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे चार-चार आठवड्यांचे १३ पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार आणला आणि तेरावा पगार गिळला. कामगार भांडले आणि तोच पगार बोनस म्हणून परत मिळाला. गणित गोड आहे, पण इतिहास तसा नाही. मुंबईच्या गिरण्यांत बोनस हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून पगार महिन्यालाच व्हायचा, तोही महिना उलटल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. खरा इतिहास वेगळा आहे आणि त्यात आपल्या महाड-पोलादपूरची माणसंही आहेत, म्हणून हा लेख. लांब आहे, पण या आठवड्यात कुणाच्या खात्यात बोनस येणार असेल तर वाचाच.

सुरुवात जरा मागून करतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलात की प्रतापगड दिसतो. १० नोव्हेंबर १६५९ ला तिथे काय झालं ते आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. दुसऱ्या दिवशीपासून काय झालं ते मात्र फार कुणी सांगत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत ते लिहून ठेवलंय. बखर लिहिली गेली ती राजाराम महाराजांच्या काळात, घटनेनंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी, जिंजीला. त्यामुळे आकडे सभासदाने दिलेले, एवढं लक्षात ठेवू. तो सांगतो, मोठ्या पराक्रम्यांना हत्ती-घोडे, दागिने, काहींना गावं मिळाली. जे जखमी झाले त्यांना जखम बघून २५, ५०, १०० ते २०० होन मिळाले. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याचा निम्मा पगार लावून दिला.

यातली मधली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जखम पाहून. म्हणजे जखम दाखवायची होती, लपवायची नव्हती. साध्या मावळ्याला ठाऊक होतं की आपण लागलो तर त्याची नोंद होईल आणि मेलो तर घर उघड्यावर पडणार नाही. बक्षीस मोठ्यांनाच दिलं असतं तरी लोकांनी जयजयकार केलाच असता. पण पुढच्या लढाईला माणूस कशाच्या भरवशावर उभा राहतो, हे ज्याने जखमांचा हिशेब केला त्याला कळत होतं.

आता तिथून थेट मुंबईच्या गिरणगावात येऊ, कारण आपले आजे-पणजे तिथेच गेले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा. दासगावच्या बंदरातून होडीने बाणकोट गाठायचं, पुढे बोटीने मुंबई. लालबाग, परळ, डिलाईल रोडला गाववाल्यांच्या खोल्या. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी तुफान नफा कमावला आणि धान्याचे भाव भडकले. १९१७ मध्ये मालकांनी पगाराच्या दहा टक्के ‘वॉर बोनस’ सुरू केला. पुढे काही वर्षं, १९२२ सालापर्यंत, साधारण एक महिन्याचा पगार वर्षाअखेर मिळायचा. कामगारांनी ते धरूनच घर चालवायला सुरुवात केली. गावची पेरणी, लग्न, सावकाराचं व्याज, सगळं त्या पैशावर. आणि १९२३ मध्ये मालकांनी जाहीर केलं, यंदा बोनस नाही.

१९२४ च्या जानेवारीत संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर, दोन महिने. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने काय म्हटलं? कामगारांचा बोनसवर हक्क नाही. ना कायद्याने, ना रिवाजाने, ना न्यायबुद्धीने. म्हणजे सोप्या भाषेत, मालकाने खुशीने दिलं तर घ्या, नाही दिलं तर गप्प बसा. पाच वर्षं सवय लावायची आणि मग ती खुशी होती म्हणायचं.

गंमत बघा, १ जुलै १९२४ लाच कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा लागू झाला. त्याला एक यादी जोडलेली आहे. अंगठा गेला तर किती, डोळा गेला तर किती, हात कोपराखाली गेला तर किती. जखम पाहून, पण या वेळी कायद्याने. एका बाजूला जखमेचा हक्क मान्य झाला, आणि त्याच वर्षी नफ्यातला वाटा नाकारला गेला.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गिरणीत जास्त कमाई होती ती विणकाम खात्यात. कापड निघेल तसा पैसा. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतच नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. म्हणजे जास्त कामाला जास्त पैसा ही योजना कागदावर सगळ्यांना सारखी, आणि ज्या दारातून आत जायचं ते दारच बंद. ज्या माणसाने १९२७ ला आपल्या चवदार तळ्याचं पाणी खुलं केलं, त्या डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पाणी आणि धोटा, विटाळ तोच. महाड सत्याग्रहाच्या तयारीत पुढे असलेले आर. बी. मोरे आपल्याच तालुक्यातले, आणि त्यांनीही पुढचं आयुष्य मुंबईच्या कामगार चळवळीतच घालवलं, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

बोनसची गाडी पुढे सरकली ती स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिलं. नफ्यातून घसारा, यंत्रांची नव्याने उभारणी, कर, भांडवलावरचा परतावा वजा करा, जे उरेल त्यात कामगाराचा वाटा आहे. मग मेहेर आयोग आला, आणि १९६५ चा बोनस कायदा. किमान चार टक्के, जास्तीत जास्त वीस. १९७२ मध्ये किमान ८.३३ टक्के झालं. आणीबाणीत परत चारवर आणलं, १९७७ मध्ये पुन्हा ८.३३.

हा ८.३३ आकडा कुठून आला? शंभर भागिले बारा. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. १९२४ मध्ये ज्यावर तुमचा कसलाच हक्क नाही म्हणून सांगितलं, जवळपास तेवढीच रक्कम पन्नास वर्षांनी कायद्याने किमान ठरली. मेसेजमधल्या १३ पगारांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, कारण ती कुणी दिली नाही, मिळवली आहे.

आता आपल्या दारात येऊ. २०१५ च्या दुरुस्तीने महिना २१ हजारांपर्यंत पगार असणारा कामगार बोनसच्या कक्षेत आला. हिशेब सात हजारांवर किंवा किमान वेतनावर, जे जास्त असेल त्यावर. आता हा कायदा वेतन संहितेत गेला, तरी ८.३३ ते २० ही चौकट तीच आहे. वर्षात ३० दिवस काम भरलं की हक्क सुरू होतो. ठेकेदाराकडचा म्हणून कुणी सुटत नाही, वीस माणसं असली की ठेकेदारही मालकच. तरी बिरवाडीच्या नाक्यावर दिवाळीत उभं राहून विचारा, किती पोरांना मिठाईचा डबा आणि पाचशेची नोट देऊन ‘हा तुझा बोनस’ सांगितलंय. आपल्याकडे त्याला दिवाळीची पोस्त म्हणतात. पोस्त आनंदाने घ्या, पण तो बोनस नाही.

आणि शेवटचं, जे मला मनापासून सांगायचंय. माझा मावसभाऊ एका कारखान्यात होता, नाव घेत नाही. गेटवर बोर्ड, ‘अपघाताविना इतके दिवस’. ठरावीक दिवस भरले की अख्ख्या खात्याला कुकर. दिवस भरायला नऊ उरले होते आणि याच्या मनगटावर गरम वाफ आली. साहेब काही बोलला नाही, सोबतचेच म्हणाले, “अरे, नोंद करू नको, सगळ्यांचा कुकर जाईल.” त्याने बर्नॉल लावून फडकं गुंडाळलं आणि पाळी पूर्ण केली. कुकर घरी आला. मावशी आजही त्यात डाळ लावते. मनगटावरचा डागही आहे. पण ती वाफ ज्या जोडातून आली त्याची नोंद कुठेच झाली नाही, म्हणून तो जोडही कुणी तेव्हा बदलला नाही.

योजना वाईट हेतूने केली असेल असं मी म्हणत नाही. पण बक्षीस कशाला दिलं, यापेक्षा त्या बक्षिसासाठी माणूस काय करू लागतो हे बघायचं असतं. अपघात नसण्याला बक्षीस दिलंत की अपघात लपतात. तेच बक्षीस गळका पाइप दाखवणाऱ्याला, थोडक्यात टळलेला अपघात लिहून देणाऱ्याला द्या, मग बघा. हजेरी बक्षिसाचंही तेच. एक खाडा झाला की महिन्याचं सगळं बक्षीस कापणार असाल, तर माणूस ताप अंगावर काढून रसायनाच्या टाकीपाशी उभा राहणार. रसायनांच्या कारखान्यांत काय होऊ शकतं हे आपल्या तालुक्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहिलंय. त्या स्फोटाचा मी इथे कशाशी संबंध जोडत नाही. एवढंच म्हणतो की अशा जागी बारीक जखमसुद्धा बातमी असते, ती दाबली जाऊ नये.

तेव्हा पोरांनो, नवीन ‘इन्सेंटिव्ह’ जाहीर झाला की टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी विचारा. हे लेखी आहे का? हे कायद्याच्या बोनसवर आहे की त्याऐवजी? ठेक्यावरच्यांना लागू आहे का? आणि ज्याला लागलं, त्याला काय?

चौथा प्रश्न विचारताना घाबरू नका. सभासदाचं ऐकाल तर साडेतीनशे वर्षांपूर्वी, आपल्याच घाटमाथ्यावर, त्याचं उत्तर रोख होनांत मिळालं होतं.

पटलं तर कामावरच्या ग्रुपला पाठवा. तेरा पगारांचा तो मेसेज मात्र आता पुरे.